रिस्क मालकाची, मग नफा कुणाचा?

प्रश्न: पैसा मालकाने घातला, कर्ज त्याने काढलं, धंदा बुडाला तर तोच बुडणार. कामगाराला ठरलेला पगार मिळतो, विषय संपला. मग नफ्यातही त्याचा वाटा म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटावर डोळा ठेवणं नाही का? आणि टॅक्स लावून तोच नफा वाटणं तर सरळ ओरबाडणं झालं.

उत्तर: स्वतःचं घर गहाण टाकून वर्कशॉप काढणाऱ्याबद्दल बोलत असाल तर मी तुमच्याच बाजूने आहे, त्याची जी झोप उडते त्याचा मोबदला त्याला मिळायलाच हवा. पण "बुडाला तर तोच बुडणार" हे मोठ्या कंपन्यांना लागू होत नाही. ब्रिटनमध्ये १८५५ साली मर्यादित जबाबदारीचा कायदा आला, म्हणजे कंपनी बुडाली तर शेअरवाल्याने घातलेले पैसे जातील पण त्याच्या घरादाराला हात लागणार नाही. मग उरलेलं कर्ज काय हवेत विरतं का? ते उधारीवर माल देणाऱ्याच्या, बँकेच्या आणि पगार थकलेल्या कामगाराच्या गळ्यात पडतं. कायदा वाईट होता असं मी म्हणत नाहीये हां, त्याच्याशिवाय अनोळखी हजारो लोकांचं भांडवल एकत्र येणं अवघडच होतं. पण रिस्क कुणी किती उचलायची हे तिथे संसदेने ठरवलं, मालकाच्या हिमतीने नाही.

आता कामगाराची रिस्क बघा. १८३७ च्या एका खटल्यापासून इंग्लंडच्या कोर्टांनी अशी लाइन धरली की नोकरी पत्करली म्हणजे धोकाही पत्करला, सहकाऱ्याच्या चुकीने नोकराला इजा झाली तर मालक जबाबदार नाही. म्हणजे मशिनमध्ये हात गेला तर हातही त्याचाच आणि दवाखान्याचा खर्चही त्याचाच! जर्मनीने १८८४ मध्ये अपघात विमा आणून हप्ते मालकांवर टाकले, ब्रिटनने १८९७ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा केला. मशिनं तीच, माणसं तीच, नियम बदलला आणि "मालकाची कमाई" म्हणतो तो आकडाच बदलला.

टॅक्सचं म्हणाल तर अमेरिकन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ मध्ये मिळकतीवरच्या टॅक्सला सक्तमजुरीच्या रांगेत बसवलं होतं, तुमचं म्हणणं त्याच वळणाचं आहे. मला ते पटत नाही, कारण त्यात धरून चाललंय की आधी कमाई पूर्ण आपली आणि सरकार मागून येऊन हात घालतं. अहो, ती कमाई उभीच राहिली कंपनी कायदा, पेटंट आणि कोर्टाच्या जोरावर.

प्रश्न: मग ज्याने जितकं बनवलं तितकं मोजून त्याला देऊन टाका, भांडणच मिटेल की?

उत्तर: मोजणार कसं? अर्थशास्त्रज्ञ अ‍ॅडम स्मिथने १७७६ मध्ये टाचण्यांचा कारखाना वर्णन केलाय: एकजण तार ओढतो, दुसरा सरळ करतो, तिसरा तोडतो, चौथा टोक काढतो, असे १० जण मिळून दिवसाला ४८,००० टाचण्या. म्हणजे माणशी ४,८००, आणि तोच माणूस शिकल्याशिवाय एकटा बसला तर २० पण नाही व्हायच्या. मधल्या ४,७८० कुणाच्या? तारवाल्याला काढून बघा, सगळंच बंद. टोकवाल्याला काढा, परत तेच. असं प्रत्येकाचं "योगदान" मोजत गेलात तर बेरीज एकूण मालापेक्षा जास्त भरेल.

त्यामुळे प्रत्यक्षात वाटा ठरतो तो घासाघीस करून, आणि घासाघिशीत ज्याला थांबणं परवडतं तो जिंकतो. हेही स्मिथनेच लिहून ठेवलंय, गंमत म्हणजे त्याचं नाव घेऊन बाजाराची तरफदारी करणारे हे पान नेमकं गाळतात: मालक एकही कामगार न ठेवता साठवलेल्यावर वर्ष-दोन वर्षं काढू शकतो, पण बऱ्याच कामगारांना एक आठवडाही निघत नाही. अशा स्थितीत "त्याने स्वतःच त्या पगाराला हो म्हटलं" याला मी फार किंमत देत नाही. सगळ्यांना सारखं वाटा असं माझं म्हणणं नाही, पण युनियन आणि बेकारी भत्ता यांना दानधर्म म्हणू नका, त्यांच्यामुळे कामगारालाही चार दिवस थांबून नाही म्हणता येतं.