वाचक विचारतात: वाड्याची बाग, कुळागर आणि न धरणारं जायफळ

प्रश्न: ताई नमस्कार, डिसेंबरात सांगलीहून नणंद, तिचे मिस्टर आणि दोन मुलं येतायत, मुलं 9 आणि 13 वर्षांची. बीच बघून झालेत सगळे. मला त्यांना पोर्तुगीज काळातला एखादा वाडा आणि त्याची बाग दाखवायचीय, केपेच्या डीनच्या, म्हणजे चर्चच्या वरिष्ठ धर्मगुरूच्या, वाड्याबद्दल ऐकलंय, मसाल्याची बागही बघायचीय. सोबत सासूबाई, वय 74, गुडघे दुखतात. एका दिवसात होईल का? मुलं कंटाळतील का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: मुलं नाही कंटाळणार, पण दोन दिवस ठेवा हो. म्हापशाहून केपे म्हणजे ट्रॅफिक धरून दोन तास तरी जातातच, त्यात सासूबाईंना गाडीतून उतरवायचं, चढवायचं, एका दिवसात सगळं कोंबलं की संध्याकाळी कुणालाच काही आठवत नाही.

पहिला दिवस केपे. वाडा 1787 चा, जोझे पावलू द आल्मैदा नावाच्या डीनने बांधलेला, केपे गाव वसवलं तेही त्यानेच. समोर चर्च, मागे कुशावती नदी. मधल्या काळात वाडा पार मोडकळीला आलेला, मग आताच्या मालकांनी वर्षानुवर्षं खपून तो आणि बाग परत उभी केली, आणि हे काम किती चिकाटीचं आहे ते तिथे गेल्यावरच कळतं. हे कुणाचं तरी राहतं घर आहे हे लक्षात ठेवा, फोन करून वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका, जेवायचं असेल तर तेही आधीच सांगून ठेवा. सासूबाईंना मागच्या बाजूला सावलीत बसवा, तिथूनही बाग दिसते, पायऱ्या उतरायचा आग्रह करू नका त्यांना. बाकीच्यांनी मात्र नदीच्या बाजूला खाली जायचं आणि तिथून वळून घराकडे बघायचं. मी पहिल्यांदा गेले तेव्हा वरूनच झाडं बघत बसले, छान वाटलं, पण बाग कळली नाही. खाली गेल्यावर कळलं की घर, बाग आणि नदी हे तिन्ही एकत्र धरूनच बांधणाऱ्याने जागा निवडलीय.

येताना चांदरला थांबा, मिनेझिश ब्रागांझांचं घर बघा, एकाच लांबलचक घराचे दोन भाग, दोन कुटुंबांचे. अर्धा तास पुरे.

दुसरा दिवस केरी. आता केरी म्हणजे फोंड्याची हां, सत्तरीतही केरी आहे आणि पेडण्यातही केरी बीच आहे, मॅपवर नुसतं केरी टाकलं तर भलतीकडे पोचाल. तिथे ट्रॉपिकल स्पाइस प्लांटेशन आहे. सावईवेऱ्यालाही बाग आहे, तिकडे गेलात तर अनंताच्या देवळात जाऊन या. कुठेही जा, सकाळी लवकर जा. एका ठिकाणी (नाव नको) मी दुपारी गेले तर 40 जणांच्या ग्रुपमध्ये ढकललं, वीस मिनिटांत सगळी झाडं दाखवून थेट जेवणाच्या रांगेत उभं केलं, फार वाईट वाटलं मला, कारण बाग खरंच सुंदर होती.

आणि मुलांना एकच काम द्या, पाणी कुठून येतं ते शोधायचं. आपलं कुळागर, म्हणजे पोफळी-माडांची मसाल्याची बाग, उभंच आहे पाण्यावर. डोंगराच्या कुशीत झर असते, तिचं पाणी तळीत साठवायचं आणि तिथून पाटाने उतारावर झाडाझाडाच्या बुडाशी सोडायचं, पंप नाही, उतारच सगळं काम करतो. पोफळी आणि माड वर, त्यांच्यावर मिरीची आणि पानाची वेल, मध्ये केळी, जायफळ, खाली अननस, हळद, म्हणजे एकाच पाण्यावर चार मजले. पाटाच्या कडेने चालत चालत वर गेलं की शेवटी तळी सापडतेच आणि तोवर मुलांनी अख्खी बाग बघितलेली असते, कुणी काही शिकवायला लागत नाही.

डिसेंबरात मिरीचे घोस हिरवेगार असतात, घोसातला एखादा दाणा लाल व्हायला लागला की काढायची वेळ आली. मुलांना सांगा की काळी मिरी आणि पांढरी मिरी ही एकाच वेलीची, हिरवे दाणे उन्हात वाळवले की काळी, पिकलेल्या दाण्याची साल काढली की पांढरी. पोफळीवर चढणारा माणूस दिसला तर थांबा, तो एका झाडावरून झोका घेऊन थेट दुसऱ्या झाडावर जातो, खाली उतरतच नाही. हुमल्यांपासून, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांपासून, मात्र जपा, पानं शिवून केलेलं घरटं फांदीवर दिसलं की मुलांना लांब ठेवा, फार कडक चावतात.

प्रश्न: मसाल्याच्या बागेत गाइडने सांगितलं काजू बाहेरचा, अननस बाहेरचा, मिरची बाहेरची, जायफळसुद्धा बाहेरचं. मग आपलं काय उरलं? मन खट्टू झालं.
– एक वाचक, डिचोली

उत्तर: खट्टू नका होऊ, गाइडने सांगितलं ते बरोबरच आहे. काजू, अननस, मिरची, पपई, पेरू, चिकू हे सगळं अमेरिकेकडून आलेलं, जायफळ इंडोनेशियाच्या बांदा बेटांवरचं. पण ज्याच्यासाठी पोर्तुगीज एवढा समुद्र तुडवत आले ती मिरी आपल्या सह्याद्रीची. भिरंड, म्हणजे कोकम, आपली, फणस आपला. 1563 मध्ये गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज डॉक्टरने इथल्या औषधी झाडांवरचं पुस्तक गोव्यातच छापलं, त्यात मिरी, नारळ, आंबा, फणस सगळं आहे, म्हणजे बाहेरून आलेला माणूस आपलीच झाडं शिकत होता. आंबा आपलाच, पण कलमं बांधून एकेक जात टिकवायचं काम पोर्तुगीज काळात जोरात झालं, आणि ज्या मानकुरादसाठी आपण एप्रिलमध्ये डझनाला म्हणेल ती किंमत मोजतो त्याचं नाव पोर्तुगीज आहे, अर्थ वाईट रंगाचा! घ्या. मला तरी वाटतं, चारशे वर्षं आपल्या मातीत वाढून, आपल्या माशाच्या हुमणात आणि सोलकढीत पडून जी मिरची तिखट झाली तिला परकी म्हणायला माझी जीभ वळणार नाही.

प्रश्न: 7 वर्षांपूर्वी एका बागेच्या टूरला गेलो तेव्हा जायफळाचं रोप विकत घेतलं. झाड मस्त वाढलंय, दोन वर्षं फुलं पण येतायत, फळ एकही नाही. खत कमी पडतंय का? तोडून टाकू का?
– एक वाचक, धारबांदोडा

उत्तर: तोडू नका! खताचा काही संबंध नाही, तुमचं झाड बहुतेक नर आहे. जायफळात नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं, आणि बीपासून केलेल्या रोपाचं काय निघेल ते फुलं येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षं कळतच नाही. रोप विकताना हे सांगायला हवं होतं, तुमची एवढी वर्षं गेली याचं मलाच वाईट वाटतंय. फुलं नीट बघा, नराची घोसात येतात, बारीक असतात, मादीचं फूल बहुतेक एकेकटं आणि पोटाशी जरा फुगीर. एखादं फूल नखाने उभं चिरा, आत गोल बीजकोश नसेल तर नरच.

मग दोन रस्ते. एक, त्याच झाडावर मादी झाडाची काडी आणून कलम बांधून घ्यायचं, हे माहीतगार माणसाकडूनच करून घ्या, ओल्ड गोव्याला कृषी संशोधन केंद्र आहे तिथे चौकशी करा. दुसरा, शेजारी दोन-तीन मादी कलमं लावा आणि हा नर तसाच ठेवा, दहाएक मादी झाडांना एक नर पुरतो, त्यांना तो लागणारच आहे. नवीन घेताना बियाचं रोप नको, कलमच मागा, आणि पहिली दोन-तीन वर्षं डोक्यावर केळीची सावली ठेवा, उन्हात कोवळं जायफळ करपतं. भिरंडीचं रोप घ्यायचं असेल तरी हेच, तिच्यातही नर-मादी वेगळी.