जॅझ की अवाँ-गार्द? आणि आपली ‘बिनी’

प्रश्न असा आला आहे: “अल्बर्ट आयलरची ‘स्पिरिच्युअल युनिटी’ ही १९६४ ची रेकॉर्ड ऐकली. सॅक्सोफोन हंबरडा फोडतो, किंचाळतो, ड्रम्सना ठेकाच नाही. रात्रभर बेचैन होतो. मित्र म्हणतो हे जॅझ नव्हेच, याला अवाँ-गार्द म्हणतात. बरोबर शब्द कोणता? आणि अवाँ-गार्दला मराठीत काय म्हणावं?”

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

अवाँ-गार्द हा मूळचा फ्रेंच लष्करी शब्द. मुख्य फौजेच्या पुढे चालणारी तुकडी. कलावंतांना तो लावला सां-सिमों या फ्रेंच समाजवादी विचारवंताच्या अनुयायांनी, १८२५ च्या सुमारास. या तुकडीला मराठ्यांच्या लष्करात आयता शब्द होता: बिनी. तिचे सरदार ते बिनीवाले. विसाजी कृष्ण बिनीवाले यांच्या आडनावात तो अजून टिकून आहे. पिछाडीची तुकडी ती चंदावल. म्हणजे शब्दशः पाहिलं तर अवाँ-गार्द म्हणजे बिनीच.

आता गंमत बघा. ‘बिनी’ म्हटलं की आपण लगेच विचारतो, कोणाची बिनी? पेशव्यांची की निजामाची? फौजेवाचून बिनी असूच शकत नाही. अवाँ-गार्द हा शब्द जागा सांगतो, कूळ सांगत नाही. जॅझ हा शब्द कूळ सांगतो. म्हणून ‘जॅझ की अवाँ-गार्द’ हा प्रश्न ‘मराठा की बिनीवाला’ असं विचारण्यासारखा आहे. एकच माणूस दोन्ही असू शकतो.

मग आयलरचं कूळ कोणतं? माझ्या मते निःसंशय जॅझ. तो क्लीव्हलंडचा, अमेरिकन लष्कराच्या बँडमध्ये वाजवलेला, फ्रान्समध्ये तैनात असलेला. त्याच रेकॉर्डवरच्या ‘घोस्ट्स’ची सुरुवातीची धून ऐका: लहान मुलालाही गुणगुणता येईल इतकी साधी, चर्चमधल्या भजनासारखी, कवायतीच्या बँडसारखी. जॅझ जिथे जन्मलं त्या न्यू ऑर्लिन्समध्ये सुरुवातीला हेच तर होतं, रस्त्यावरचे बँड, भजनं आणि सगळ्यांनी एकाच वेळी केलेला विस्तार. सनी मरे ड्रम्सवर ठेका धरत नाही हे खरं, पण गॅरी पीकॉकचा बास आणि आयलरचा सॅक्सोफोन यांच्याशी तो क्षणोक्षणी बोलत असतो. ते बोलणं जॅझमधलं आहे. याउलट पोलिश संगीतकार पेंदेरेत्स्कीची ५२ तंतुवाद्यांसाठीची, हिरोशिमाच्या बळींना वाहिलेली रचना घ्या. ती तितकीच अस्वस्थ करते, तीही बिनीवर आहे, पण तिची फौज युरोपीय लिखित संगीताची. तिला कोणी जॅझ म्हणणार नाही. अस्वस्थता ही दोन्हींपैकी कशाचीच खूण नाही.

तुमच्या मित्राचं म्हणणं मात्र जुनं आणि मातब्बर आहे. १९६१ च्या नोव्हेंबरात ‘डाउनबीट’ या अमेरिकन जॅझ-नियतकालिकात समीक्षक जॉन टायनन यांनी जॉन कोल्ट्रेन आणि एरिक डॉल्फी या जॅझवादकांच्या वादनाला ‘अँटी-जॅझ’ म्हटलं. दोन महिन्यांनी त्याच नियतकालिकानं सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनच्या ‘फ्री जॅझ’ या रेकॉर्डवर दोन परीक्षणं एकत्र छापली: एकात पाच तारे, दुसऱ्यात, पुन्हा टायनन यांच्याच, एकही नाही. आणि कोलमननं तर रेकॉर्डच्या नावातच ‘जॅझ’ लिहिलं होतं! उलट बाजूही आहे. ‘जॅझ’ हे लेबल ड्यूक एलिंग्टनसारख्या जॅझमधल्या दिग्गजालाही पुरेसं वाटलं नाही, आणि आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो या वादकसमूहानं आपल्या वादनाला ‘ग्रेट ब्लॅक म्यूझिक’ हे नाव घेतलं. वाजवणाराच एखादं नाव नाकारत असेल, तर ते त्याच्यावर लादताना मी तरी दहादा विचार करीन. पण ‘हे जॅझ नाही’ असं बाहेरच्यानं सांगणं वेगळं. त्यात बहुतेकदा ‘मला आवडलं नाही’ एवढंच दडलेलं असतं.

आणखी एक अडचण. बिनी पुढे सरकत राहते, शब्द मात्र जागीच राहतो. आयलरच्या त्या रेकॉर्डला साठ वर्षं होऊन गेली, तरी तिच्यावर अवाँ-गार्दचा शिक्का आहेच. आपल्याकडे मर्ढेकरांच्या पिढीची कविता अजून ‘नवकविता’च आहे ना, तसंच. आता ते शैलीचं नाव झालं आहे.

म्हणूनच ‘बिनीचं जॅझ’ हा शब्द, मला कितीही आवडत असला, तरी सुचवत नाही. ‘बिनीचा शिलेदार’ म्हणजे आज आपण अव्वल, पहिल्या फळीतला माणूस समजतो. वाचकाला वाटेल उत्तम जॅझबद्दल चाललंय. ‘प्रायोगिक’ जवळचा आहे, प्रायोगिक रंगभूमीमुळे ओळखीचाही. पण अमेरिकन संगीतकार जॉन केजच्या लेखी प्रायोगिक कृती म्हणजे जिचा शेवट आधी ठाऊक नसतो ती, आणि ‘घोस्ट्स’मध्ये आयलर त्याच साध्या धुनेकडे परत येतो. तेव्हा शैलीबद्दल बोलायचं असेल तर ‘अवाँ-गार्द जॅझ’ असंच लिहा, दोन्ही शब्द जोडून. मित्राला ‘घोस्ट्स’ची फक्त ती सुरुवातीची धून ऐकवा, आणि मग पुढचं.