चित्रांशेजारी बसण्याविषयी

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. परिसरातल्या कलामहोत्सवासाठी आयोजकांनी तुझी काही चित्रे मागितली आहेत, मांडणीला हातभार लावायला सांगितले आहे आणि महोत्सव चालू असेपर्यंत तिथे बसण्याची विनंतीही केली आहे. एवढा वेळ ‘खऱ्या कामातून’ काढावा का, हा तुझा प्रश्न आहे. जरूर काढावा, असे माझे मत आहे. मात्र चित्रे पोहोचती करून मोकळे होण्यात काही अर्थ नाही. जायचे असेल तर बसायच्या तयारीनेच जा, कारण तिथे जे मिळते ते चित्रांशेजारी बसणाऱ्यालाच मिळते.

एकट्याने काम करणाऱ्या माणसाला आपले चित्र दिसेनासे होते. तेच ते पाहून डोळा सरावतो, आणि मित्रांना विचारावे तर ते प्रेमापोटी बोलतात. महोत्सवात येणाऱ्याला तुझी भीड नसते. कोणी विचारील, “हे सगळं हाताने काढलंय?” कोणी सांगेल की त्यांचा धाकटाही अगदी असेच काढतो. कोणी सोफ्याच्या रंगाशी जुळेल असे चित्र मागेल. यांवर मनातल्या मनात हसावे, त्यात काही गैर नाही. पण लगेच उत्तर देऊ नये. माझ्या एका चित्रात जुन्या इमारतीची भिंत होती आणि तिचा खालचा भाग मी मुद्दाम पातळ वॉशमध्ये, म्हणजे पाणीदार रंगाच्या एकाच थरात, सोडला होता. घरे रंगवण्याचे काम करणारे एक गृहस्थ त्यापुढे बराच वेळ उभे राहिले, मान तिरकी करून त्यांनी भिंत खालपासून वरपर्यंत न्याहाळली आणि अतिशय गंभीरपणे म्हणाले, “भिंतीला दुसरा हात राहिलाय.” आजूबाजूचे सगळे हसले, मीही हसलो. त्या पातळपणामागे माझा विचार होता आणि तो मी आजही सोडलेला नाही, परंतु पाहणाऱ्याची नजर नेमकी कुठे अडते हे त्या एका वाक्याने जितके स्वच्छ कळले, तितके जाणकारांच्या लांबलचक चर्चेतूनही मला क्वचितच कळले आहे. अशी वाक्ये जशीच्या तशी स्केचबुकात उतरवून ठेव आणि त्यांतली विनोदी कोणती, उपयोगाची कोणती, हे नंतर सावकाश ठरव. बहुतेक वेळा ती एकच निघतात.

विनोद म्हणजे कामातला विरंगुळा, असे तुझ्या पत्रातून जाणवले. मला ते पटत नाही. विनोद हा निरीक्षणाचाच भाग आहे. ओनोरे दोमिए या फ्रेंच चित्रकाराला राजा लुई-फिलिपच्या व्यंगचित्रापायी १८३२ साली तुरुंगात जावे लागले होते. त्यानेच पुढे प्रदर्शनांना येणाऱ्या प्रेक्षकांची मनसोक्त थट्टा करणारी शिळाछापाची चित्रे काढली. पण त्याने चित्रकारांनाही सोडले नाही. १८६५ च्या एका चित्रात दोन निसर्गचित्रकार एकामागे एक बसले आहेत: पहिला निसर्गाची नक्कल करतो आहे आणि दुसरा पहिल्याची. ज्याच्या विनोदात तो स्वतः कुठेतरी सापडत नाही, त्याची चित्रे लवकरच तुसडी होतात. तेव्हा बसल्या बसल्या माणसे रेखाट. चित्रापेक्षा लेबल जास्त वेळ वाचणारे, केवळ नातेवाइकाच्या आग्रहाखातर आलेले आणि पहिल्यापासून खुर्ची शोधणारे, दूरून पाहावे म्हणून मागे सरकताना दुसऱ्याच्या पायावर पाय देणारे. आणि त्या गर्दीत कोणी आपल्याच चित्राकडे येते का, हे चोरून पाहणारा चित्रकारही.

राहिली मांडणी आणि हिशेब. हे कारकुनी काम आपले नव्हे, असे म्हणणाऱ्यांना मी १८७४ ची आठवण देतो. मोने, देगा, पिसारो, बर्थ मोरिझो आणि आणखी बऱ्याच चित्रकारांनी त्या वर्षी १५ एप्रिलला पॅरिसमध्ये छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचे प्रदर्शन भरवले. चित्रे टांगण्याची जबाबदारी रेन्वारने उचलली, तिकीट एक फ्रँक होते आणि दिवसभर काम करणाऱ्यांना येता यावे म्हणून ते संध्याकाळीही उघडे ठेवत. लुई लरुवा या टीकाकाराने थट्टेने त्यांना ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हटले, तेच पुढे त्यांचे नाव झाले. वर्षअखेर हिशेब मांडला तेव्हा प्रत्येक सभासदाच्या अंगावर १८४.५० फ्रँक निघाले आणि प्रदर्शनासाठी त्यांनी काढलेली संस्था मोडली. माणसे मात्र पुन्हा एकत्र आली आणि १८८६ पर्यंत त्यांनी एकूण आठ प्रदर्शने भरवली. तेव्हा भिंतीच्या जागेवरून कुरबूर होईल, दाराजवळची जागा प्रत्येकालाच हवी असेल, त्यावर फार जीव आटवू नकोस. सरळ चिठ्ठ्या टाका. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटरवर येऊ दे आणि टांगण्यापूर्वी फ्रेममागची दोरी एकदा ओढून पाहा.

एका गोष्टीत मात्र भीड धरू नकोस. संग्रहालये जलरंगांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचे एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत, आणि भर दुपारच्या उन्हात तोच १,००,००० लक्सच्या घरात जातो. एका महोत्सवात चित्राचा रंग उडून जाईल असे नाही. पण उजेडाने झालेली झीज कधीच भरून येत नाही, ती साचतच जाते, आणि तू आवडीने वापरतोस तो अ‍ॅलिझरिन क्रिमझन हा गडद लाल रंग तर या बाबतीत विशेष नाजूक आहे. शिवाय काचेला कागद थेट टेकला तर दमटपणाने बुरशी धरते, म्हणून मध्ये माऊंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच. होकार कळवण्याआधी आयोजकांना एवढेच विचारून घे की तुझ्या वाट्याची भिंत उघड्यावर आहे का आणि तिथे किती वाजता ऊन येते. येत असेल तर जलरंग घरीच ठेव आणि जिन्याची ती तैलचित्रे पाठव. मापे मला कळव, फ्रेमचे आपण मिळून बघू.

तुझा,
एक जुना चित्रकार