दार उघडताना थकवा नडतो
प्रश्न : मुलगी केबिन क्रू आहे. पहाटे मुंबईत उतरल्यावर सहकाऱ्याने दार उघडताच आपत्कालीन घसरगुंडी फुगली. रोजच्या कामात अशी चूक कशी होते?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : रोजचं आहे म्हणूनच! पहाटे २ ते ६ शरीराची जागरूकता तळाला असते. हात सवयीने चालतो, डोळे तपासत नाहीत. उतरल्यावर दार ‘डिसआर्म’ करायचं, म्हणजे दार उघडताच घसरगुंडी फुगण्याची व्यवस्था बंद करायची, आणि समोरच्या दाराच्या सहकाऱ्याने ते पाहून खात्री करायची. थकव्यात ही एकमेकांची तपासणी, ‘क्रॉसचेक’, नुसती तोंडाने होते. ‘आर्म्ड’, म्हणजे ही व्यवस्था चालू असलेलं, दार आतून उघडलं की घसरगुंडी काही सेकंदांत फुगते. बाहेर शिडीवर कुणी असेल तर जिवावरच बेततं. म्हणून हँडलला हात लावण्याआधी क्षणभर थांबून, दार ‘आर्म्ड’ आहे की नाही हे सांगणारी खूण बोटाने दाखवत मोठ्याने वाचावी. बाकी, कुणी कल्याणसारख्या लांबच्या ठिकाणाहून येत असेल, तर विमानतळ गाठण्यात गेलेली झोप रोस्टरमध्ये, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकात, दिसत नाही.