उंदराच्या चापावरची गाडी : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

शाळांतील विज्ञान प्रदर्शने जवळ आली की चापाच्या स्प्रिंगवर धावणाऱ्या गाडीविषयी तेच तेच प्रश्न माझ्याकडे येऊ लागतात, म्हणून या वेळी ते एकत्रच घेतले आहेत.

प्रश्न : लक्ष्मीपुरीतून उंदराचा पिंजरा आणला आहे. त्याला चाके कशी बसवावीत? (पालक, राजारामपुरी)

उत्तर : पिंजरा परत करा. या गाडीला लाकडी पट्टीवरचा स्प्रिंगचा चाप लागतो. चापाच्या तारेला लांब दांडा जोडतात, त्याच्या टोकाला बांधलेला दोरा मागच्या आसावर, म्हणजे दोन चाके जोडणाऱ्या काठीवर, गुंडाळून चाप भरतात (ताणून उघडतात). चाप मिटताना दांडा दोरा ओढतो, आस फिरतो आणि गाडी धावते.

प्रश्न : माझी गाडी झपाट्याने निघते, मग हिसका बसून थांबते आणि थोडी मागे येते. दादा म्हणतो, स्प्रिंग मेली. (आठवीतील विद्यार्थिनी, कसबा बावडा)

उत्तर : स्प्रिंग ठणठणीत आहे, तू दोऱ्याचे टोक आसाला गाठ मारून बांधले असणार. दोरा पूर्ण उलगडला तरी गाडी वेगात असते, त्यामुळे आस फिरतच राहतो, दोरा उलट बाजूने गुंडाळला जातो आणि गाडीला मागे खेचतो. टोकाला गाठीऐवजी छोटा फास कर, आसावर टूथपिकचा तुकडा चिकटवून त्यात तो अडकव आणि मग दोरा गुंडाळ. दोरा संपताच फास आपोआप निसटला पाहिजे. तो निसटतो की नाही, हे विज्ञानाच्या शिक्षकांसमोर चार-पाच वेळा चालवून पाहा.

प्रश्न : क्लासमध्ये सांगतात की दांडा जितका लांब तितका गाडीचा वेग जास्त. मग तो किती लांब ठेवावा? (पालक, कागल)

उत्तर : ही ऐकीव गोष्ट मी इतक्या वेळा खोडून काढली आहे की आता आकडेच मांडतो. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा ठरलेली असते. दांडा ती वाढवत नाही, फक्त कशी खर्चायची ते ठरवतो. दांडा दुप्पट केला की दोऱ्यावरची ओढ निम्मी होते आणि दोरा दुप्पट लांबीपर्यंत ओढला जातो. दांडा अर्धे वर्तुळ फिरतो, म्हणून १० सेंटिमीटरचा दांडा सुमारे २० सेंटिमीटर दोरा ओढतो. आसाचा व्यास ५ मिलिमीटर असेल तर तेवढ्या दोऱ्याचे जेमतेम १३ वेढे होतात. चाक १२ सेंटिमीटर व्यासाच्या सीडीचे असेल तर एका फेऱ्यात गाडी सुमारे ३८ सेंटिमीटर जाते, म्हणजे दोऱ्याच्या ओढीवर पावणेपाच मीटरच्या आसपास आणि त्यापुढे गतीच्या जोरावर. दांडा २० सेंटिमीटर केला तर ओढीचे अंतर साडेनऊ मीटरच्या घरात जाते, परंतु ओढ निम्मी असल्याने आस किंचित तिरका असला किंवा चाक चौकटीला घासत असले तरी गाडी जागची हलत नाही. तेव्हा वेगाच्या शर्यतीला आखूड दांडा, अंतराच्या शर्यतीला लांब. चाप भरलेला असताना दांड्याचे टोक मागच्या आसाच्या बरोबर वर यावे, एवढ्या अंतरावर चाप बसवा. शर्यत वेगाची की अंतराची, हे मात्र आधी आयोजकांना विचारा. बहुतेकांना ते आदल्या रात्री सुचते.

प्रश्न : उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमची भक्कम चाके करून घेतली आणि भरपूर ग्रीस लावले, तरी गाडी रखडते. ‘दुप्पट ताकदीची’ स्प्रिंग असलेला तयार संच मागवू का? (पालक, शाहूपुरी)

उत्तर : मागवू नका. जड चाके फिरवण्यातच स्प्रिंगची शक्ती संपते आणि घट्ट ग्रीस हलक्या गाडीला धरून ठेवते. ते पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरे. बदललेली स्प्रिंग नियमात बसते की नाही, हे विकणारा सांगणार नाही. आणि गाडी मुलाला करू द्या. लेथवाल्याची शर्यत वेगळी भरवता येईल.

प्रश्न : चार दिवसांपूर्वी चाप भरताना मुलाचे बोट सापडले. अजून सूज आहे. काय लावावे? (आई, गांधीनगर)

उत्तर : काही लावत बसू नका, आजच डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे लागेल की नाही, ते तेच ठरवतील. चार दिवस थांबायलाच नको होते. यापुढे चाप मोठ्या माणसासमोर, डोळ्यांना संरक्षक चष्मा लावून भरावा आणि भरलेली गाडी हातात घेऊन फिरू नये.

प्रश्न : फरशीवर चाके जागीच फिरतात. (सातवीतील विद्यार्थी, रंकाळा परिसर)

उत्तर : फुगा कापून त्याची पट्टी मागच्या सीडीच्या कडेवर ताणून बसव. फुगा चालतो का, हे आधी नियमपत्रिकेत बघ.