बोलता येतं, तरी समोरच्याला कळत का नाही?

"मॅडम, मला बोलताच येत नाही" असं म्हणत येणारी तरुण मंडळी माझ्याकडे खूप असतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला, पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचा क्लास लावू का? खरं सांगू, त्यातल्या बऱ्याच जणांना बोलायला छान येतं. माहिती असते, शब्द असतात, फक्त दोन वाक्यांना जोडणारं काही नसतं.

एका मुलाचं सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत. डोंबिवलीचा, रोज लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी. मीटिंगमधे याचं बोलून झालं की सर विचारायचे, "मुद्दा काय?" मी म्हटलं, तिथे बोलता तसंच मला बोलून दाखवा. तर म्हणाला, "सर, काल सर्व्हर डाऊन होता, क्लायंटचा मेल उशिरा आला, अर्धा रिपोर्ट झालाय, उद्या देतो." एकही वाक्य चुकीचं नाही. पण कशामुळे काय अडलं आणि आता नेमकं काय होणार हे सरांनीच जुळवायचं, आणि वाचताना मागची ओळ परत बघता येते तसं ऐकताना करता येत नाही ना, बोललेलं निघून जातं.

मग तेच असं बसवलं: "सर, रिपोर्ट आज होणार नाही, कारण काल सर्व्हर डाऊन होता, शिवाय क्लायंटचा मेलही उशिरा आला. तरी अर्धा झालाय, म्हणून उद्या नक्की देतो." माहिती तीच, फक्त कारण, शिवाय, तरी, म्हणून एवढे शब्द आले आणि मुद्दा आधी आला. लोकलमधे 'पुढील स्टेशन' ऐकलं की आपण उतरायच्या तयारीला लागतो, तसं 'कारण' ऐकलं की कान कारणासाठी तयार होतो. शाळेत उभयान्वयी अव्ययं पाठ केली होती ती हीच, पण परीक्षा संपली आणि आपण ती विसरलो.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची वाटते ती घरची गोष्ट. हा बायकोला एकदा म्हणाला, "तू दमलीयेस, आई येणारे." त्याच्या मनात होतं, दमलीयेस म्हणून आज जेवण बाहेरून मागवू. तिने ऐकलं, दमलीयेस तरी उठ, आई येणारे. दोन दिवस अबोला! जोडणारा शब्द आपण गाळला की समोरचा स्वतःचा घालतो आणि माणूस आधीच थकलेला असेल तर तो दुखावणाराच घालतो.

सराव साधा दिला. रात्री स्टेशनवरून घरी चालत जाताना दिवसातला एक प्रसंग व्हॉइस नोटमधे बोलायचा, मग ऐकायचं आणि दर दोन वाक्यांमधे स्वतःला विचारायचं, हे आधीच्याचं कारण आहे, परिणाम आहे, की त्याच्या उलट आहे? जे असेल त्याचा शब्द घालून परत बोलायचं. सुरुवातीला त्याने अतीच केलं, सगळीकडे "म्हणजे", "आणि मग", "सो". ते जोडत नाहीत, नुसती जागा भरतात, तिथे गप्प राहून श्वास घेतलेला बरा. "पण" सुद्धा जपून. "काम छान केलंस, पण उशीर झाला" यात कौतुक वाहून जातं, "उशीर झाला, पण काम छान केलंस" म्हटलं की तेच शेवटी लक्षात राहतं.

बोलायला उभं राहिलं की छाती धडधडते, हात थरथरतात, शब्दच फुटत नाहीत, असं होत असेल तर मात्र नुसत्या या सरावावर थांबू नका, त्या भीतीवर समुपदेशकासोबत वेगळं काम करावं लागतं. या मुलाला ते नव्हतं. सर आता त्याला मधे तोडत नाहीत, आणि घरी त्याचं वाक्य अर्धवट राहिलं की बायकोच विचारते, "म्हणून काय? पूर्ण बोल."