औद्योगिक ग्राहकांना माल पुरवणाऱ्या कंपनीत कर्मचाऱ्यांना डिजिटल प्रशिक्षण कसे द्यावे?

आपण लिहिले आहे की, जालन्यातील आपली सुमारे १८० माणसांची कंपनी मोठ्या कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवते, मालकांनी यंदा डिजिटल प्रशिक्षणासाठी पैसे मंजूर केले आहेत, आणि आता कोणती पद्धत अवलंबावी व कोणते सॉफ्टवेअर घ्यावे, असा आपल्यापुढे प्रश्न आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीत वाहनांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी आधी गुणवत्ता विभागात आणि नंतर प्रशिक्षण विभागात मिळून १४ वर्षे काम केले आहे. त्या अनुभवावरून उत्तर देतो. सॉफ्टवेअरचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण आमच्याकडे नेमकी तीच खरेदी सर्वांत आधी झाली होती.

आमच्या व्यवस्थापनाने एका विक्रेत्याकडून तयार अभ्यासक्रमांसह एक एलएमएस, म्हणजे संगणकावरून प्रशिक्षण देण्याची व त्याची नोंद ठेवण्याची प्रणाली, वार्षिक वर्गणीवर घेतली. वेळेचे नियोजन, संघभावना, संवादकौशल्य असे ढीगभर अभ्यासक्रम तीत होते आणि बहुतेक इंग्रजीत होते. तीन महिन्यांनी अहवाल आला तेव्हा जवळजवळ सर्वांनी सर्व काही पूर्ण केल्याचे दिसले, आणि बैठकीत आमचे कौतुकही झाले. पुढे कळले की, टाइम ऑफिसमधला एक चुणचुणीत मुलगा दुपारच्या जेवणानंतर एकेकाचा पासवर्ड घालून व्हिडिओ चालू ठेवत असे आणि शेवटच्या प्रश्नांची उत्तरे त्याला तोंडपाठ झाली होती. संपूर्ण कंपनीत प्रशिक्षित झालेला माणूस तो एकटाच, असे आम्ही नंतर म्हणत असू. त्याच तिमाहीत एका ब्रॅकेटच्या छिद्राच्या कडेला धातूची धारदार कूस, म्हणजे आपण जिला बर म्हणतो ती, राहिल्यामुळे ग्राहकाने मालाची एक अख्खी खेप परत पाठवली आणि सोबत डेबिट नोटही, म्हणजे आमच्या खात्यातून रक्कम वजा केल्याची चिठ्ठी, लावली.

या दोन घटना शेजारी ठेवल्यावर मला जे उमगले, तेच आपल्याला सांगावेसे वाटते. किरकोळ ग्राहक नाराज झाला की काही न बोलता दुसऱ्या दुकानात जातो, परंतु औद्योगिक ग्राहक मोजके असतात आणि ते प्रत्येक चूक लेखी कळवतात: रिजेक्शनचा अहवाल, डेबिट नोट, कारणमीमांसा मागणारा आठ टप्प्यांचा ८-डी अहवाल. आपल्या माणसांना काय येत नाही याची इतकी नेमकी नोंद किरकोळ व्यापारातल्या कोणत्याही मालकाला कधी मिळत नाही. म्हणून अभ्यासक्रम बाहेरून विकत आणण्यापूर्वी मागील दीड वर्षाच्या तक्रारी, परत आलेला माल, उशिरा गेलेली कोटेशने आणि चुकलेली बिले एका तक्त्यात मांडावीत, आणि प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारावा: संबंधित माणसाला ते काम माहीत नव्हते म्हणून चूक झाली, की माहीत असूनही झाली? माप तपासण्याचा गेजच घासलेला असेल, किंवा नगांच्या आकड्यासाठी सुपरवायझर घाई करत असेल, तर ऑपरेटरला कितीही शिकवले तरी काही फरक पडणार नाही. आमच्या तक्त्यातील निम्म्याहून अधिक नोंदी अशा निघाल्या की त्यांचा प्रशिक्षणाशी संबंधच नव्हता. त्या आम्ही देखभाल व नियोजन विभागांकडे सोपवल्या, आणि त्यामुळे काही काळ आमच्यावर रोषही ओढवला. उरलेल्या नोंदी हाच आमचा अभ्यासक्रम झाला.

शिकवायचे काय हे ठरल्यावर व्हिडिओ आपणच तयार करावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यासाठी लागणारी मांडणी जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत अनुभवी कामगार सैन्यात गेल्यावर नवख्या माणसांना लवकर तयार करण्यासाठी ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा कार्यक्रम राबवला गेला, आणि त्यात प्रत्येक काम रकान्यांत मांडण्याची पद्धत होती: कामाचे टप्पे आणि प्रत्येक टप्प्यातील मर्माची गोष्ट; त्या गोष्टीमागचे कारण हा तिसरा रकाना पुढे त्याला जोडला गेला. पुढे जपानी कारखान्यांनी ही पद्धत उचलली व टिकवली. हा तक्ता आधी कागदावर लिहावा आणि त्यावरूनच दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ करावा. तिसरा रकाना आपल्याकडे नेहमी गाळला जातो, आणि माझ्या अनुभवात चूक तिथेच होते; बर काढायची हे ऑपरेटरला ठाऊक असते, पण ती राहिली तर जोडणीच्या वेळी वायरचे आवरण कापले जाते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

चित्रीकरणातील काही गोष्टी आम्ही चुकत चुकत शिकलो. कॅमेरा ऑपरेटरच्या समोर ठेवला तर डावे-उजवे उलटे दिसते, म्हणून तो त्याच्या खांद्यामागून, त्याला स्वतःला हात जसे दिसतात तसा धरावा. शेडमध्ये प्रेसच्या आवाजात बोललेले काही ऐकू येत नाही, त्यामुळे निवेदन नंतर शांत खोलीत ध्वनिमुद्रित करावे आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत मर्माचे शब्दही द्यावेत. काम करून दाखवणारा माणूस अभियंता नसावा, त्या मशीनवर अनेक वर्षे काढलेला ऑपरेटर असावा, कारण त्याचे म्हणणे इतरांना पटते. भाषेचा विचारही इथेच करावा. मराठवाड्यातील कारखान्यांत मराठी आणि दखनी वळणाची हिंदी एकाच वाक्यात नांदतात, आणि आपल्या जालन्याच्या रोलिंग मिलांप्रमाणे आपल्याकडेही उत्तर प्रदेश व बिहारमधील कामगार असतील, तर त्याच चित्रणावर मराठी व हिंदी अशी दोन निवेदने चढवणे थोड्या श्रमाचे काम आहे. पुस्तकी प्रतिशब्द मात्र टाळावेत. ‘गेज’ला गेजच म्हणावे.

आणखी दोन खबरदाऱ्या औद्योगिक पुरवठादारांना विशेष लागू होतात. ग्राहकाचे ड्रॉइंग, पार्ट नंबर किंवा त्याचा नवीन भाग व्हिडिओत दिसता कामा नये, कारण बहुधा आपण गोपनीयतेच्या करारावर सही केलेली असते. दुसरे असे की, प्रशिक्षणाचे व्हिडिओ व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याचा मोह आवरावा. कामाची पद्धत बदलते, नवा व्हिडिओ येतो, पण जुना कोणाच्या तरी फोनमध्ये तसाच राहतो आणि ग्राहकाच्या ऑडिटच्या दिवशी नेमका तोच बाहेर निघतो. त्याऐवजी प्रत्येक मशीनवर एक क्यूआर कोड चिकटवावा; त्यामागील व्हिडिओ बदलला तरी कोड तोच राहतो, त्यामुळे सर्वांना चालू आवृत्तीच दिसते. हा कोडही १९९४ साली जपानच्या डेन्सो या वाहनांचे भाग बनवणाऱ्या कंपनीतच भागांची नोंद ठेवण्यासाठी जन्माला आला, त्यामुळे तो एका अर्थी स्वगृहीच परत येतो.

व्हिडिओ एकदा दाखवून भागत नाही. शिकलेले किती वेगाने विसरते याची मोजणी जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ सालीच प्रसिद्ध केली होती, आणि रोडिगर व कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगांत असे दिसले की, मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा स्वतःला आठवून पाहण्याची चाचणी देणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर अधिक लक्षात राहतो. याचा साधा उपयोग असा की, शिफ्टच्या सुरुवातीला पाच मिनिटांची जी बैठक होते, तिच्यात सुपरवायझरने टॅबवरून त्या कामाविषयी दोन प्रश्न विचारावेत. तेच प्रश्न तीन-चार दिवसांनी आणि मग महिन्याने पुन्हा विचारावेत. कर्मचाऱ्यांनी घरी जाऊन स्वतःच्या फोनवर शिकावे, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. गंगापूर किंवा वैजापूरकडून कंपनीच्या बसने दररोज ये-जा करणारा माणूस रात्री घरी पोचल्यावर अभ्यासक्रम उघडणार नाही, आणि उघडावा तरी का? प्रशिक्षण हे कामच आहे, ते कामाच्या वेळेतच झाले पाहिजे.

कार्यालयातील कर्मचाऱ्यांसाठी पद्धत वेगळी ठेवावी. लेखा विभाग आणि डिस्पॅचसाठी संगणकाच्या पडद्याचे ध्वनिचित्रमुद्रण सर्वांत उपयोगी पडते. व्यवसाय-ते-व्यवसाय विक्रीसाठी ई-इनव्हॉइस १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना लागू झाले आणि ही मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. इतक्या वेळा बदलणाऱ्या गोष्टीवर तासाभराचे व्याख्यान ठेवण्यापेक्षा तीन मिनिटांचे पडद्याचे चित्रण दर बदलाला नव्याने करणे सोपे जाते. विक्री विभागाला मात्र व्हिडिओने फारसे काही मिळत नाही. तिथे एकाच खरेदीमागे समोरच्या कंपनीतील खरेदी, डिझाइन, गुणवत्ता आणि लेखा अशा चार विभागांची संमती लागते, आणि प्रत्येकाची शंका निराळी असते. आम्ही आमच्याच खरेदी प्रमुखांना व्हिडिओ कॉलवर ग्राहकाच्या भूमिकेत बसवत असू, संमती घेऊन तो संवाद मुद्रित करत असू आणि दुसऱ्या दिवशी विक्री प्रतिनिधीसह तो पुन्हा पाहत असू. रोज स्वतः पुरवठादारांना घासाघीस करून हैराण करणारे हे गृहस्थ या भूमिकेत इतके रंगत, की खरा ग्राहक त्यांच्यापेक्षा मवाळ वाटे.

पडद्यावर न शिकवता येणारे पुष्कळ काही उरते. मायक्रोमीटर किती दाबायचा, हे बोटांनाच कळावे लागते. अशा कामांसाठी व्हिडिओ आधी पाहायला लावून नंतर प्रत्यक्ष सराव द्यावा, आणि गरज पडल्यास चिकलठाण्यातील इंडो-जर्मन टूल रूमसारख्या संस्थेत माणसे पाठवावीत.

परिणामाची मोजणी कशी करावी, हे आपण विचारलेले नाही, पण मालक निश्चित विचारतील. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या चार पायऱ्या आजही उपयोगी आहेत: शिकणाऱ्याला कसे वाटले, तो काय शिकला, त्याचे वागणे बदलले का, आणि कामाच्या निकालात फरक पडला का. बहुतेक सॉफ्टवेअरचे आलेख पहिल्या दोन पायऱ्यांवरच थांबतात. गुणवत्ता व्यवस्थापनाच्या आयएसओ ९००१:२०१५ या मानकातील ७.२ हे कलम मात्र प्रशिक्षणाची परिणामकारकता तपासण्याची अपेक्षा ठेवते, आणि वाहन उद्योगातील आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकासाठी येणारे लेखापरीक्षकही त्यावरच बोट ठेवतात. आमची मोजणी एवढीच होती: जी तक्रार अभ्यासक्रमात घेतली, ती पुन्हा आली का? बरची तक्रार सहा महिने आली नाही, मग एकदा आली. शोध घेतल्यावर दिसले की, रात्रपाळीला ठेकेदाराकडून आलेला नवा कामगार थेट मशीनवर उभा केला होता आणि त्याचे नावच आमच्या यादीत नव्हते. कंत्राटी कामगारांना यादीत घ्यायला आम्ही विसरलो होतो. आपण ही चूक करू नये.

आता सॉफ्टवेअर. १८० माणसांसाठी मूडल पुरेसे आहे. २००२ पासून उपलब्ध असलेली ही मुक्त-स्रोत प्रणाली वापरण्यास परवान्याचे शुल्क लागत नाही, तिच्या मोबाइल ॲपमध्ये साहित्य उतरवून घेऊन नेटवर्कशिवायही पाहता येते, आणि पत्र्याच्या शेडमध्ये याचे मोल फार आहे. मात्र सर्व्हरचा खर्च आणि ती सांभाळणारा एक जाणकार माणूस लागतोच. सशुल्क प्रणाली घ्यायची झाल्यास तयार केलेले अभ्यासक्रम स्कॉर्म या, दुसऱ्या प्रणालींतही चालणाऱ्या प्रमाणित स्वरूपात बाहेर काढता येतात का, वर्गणी एकूण नावांवर आहे की प्रत्यक्ष वापरणाऱ्यांवर, आणि देवनागरीत लिहिलेले शोधता येते का, हे करारापूर्वी समोर बसून करून पाहावे. वर्गणी कशावर आहे याला विशेष महत्त्व द्यावे, कारण कंत्राटी माणसे सतत बदलतात.

सुरुवात एकाच विभागात, दोन महिन्यांसाठी करावी, आणि त्यासाठी असा विभाग निवडावा जिथला सुपरवायझर स्वतः प्रश्न विचारायला तयार असेल. पहिल्या व्हिडिओसाठी तक्त्यातील सर्वांत मोठ्या रकमेची तक्रार घेऊ नये, सर्वांत जास्त वेळा आलेली घ्यावी. मोठ्या रकमेची चूक बहुधा एकदाच घडते आणि तिच्यावरील व्हिडिओचा उपयोग झाला की नाही, हे दोन महिन्यांत कळत नाही.